इशीची धनुष्यं : एका गुरुपरंपरेची पार्श्वभूमी

अमेरिकेत हातानं लाकडी धनुष्यं घडवणारा एखादा जुना कारागीर गेला, की त्याच्या आठवणी सांगताना त्याचा गुरू कोण, त्या गुरूचा गुरू कोण, अशी उजळणी होते. ती परंपरा मागे मागे नेत गेलं तर अनेकदा एकाच माणसापाशी जाऊन थांबते. त्याचं नाव इशी. उत्तर कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा हा शेवटचा ज्ञात माणूस १९१६ साली वारला. त्याला या कलेचा आद्यगुरू म्हणण्याची पद्धत पडून गेली आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याच्या शिष्यांनी पुढे जी धनुष्यं केली ती त्याच्या धनुष्यासारखी नव्हती, हे मात्र फारसं बोललं जात नाही.

इशीच्या आधी गोऱ्या अमेरिकेत धनुर्विद्या नव्हती असं नाही. मॉरिस आणि विल थॉम्पसन या भावांमुळे १८७० च्या दशकात तिची लाटच आली होती. १८७९ मध्ये नॅशनल आर्चरी असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच वर्षी शिकागोला तिची पहिली स्पर्धा भरली. पण हा सगळा कारभार इंग्लंडच्या वळणाचा होता. यू झाडाच्या लाकडाचं उंच, निमुळतं लाँगबो, हिरवळीवर मांडलेली लक्ष्यं आणि नेमबाजांची नीटनेटकी रांग. स्थानिक जमातींची धनुष्यं याच काळात संग्रहालयांच्या कपाटांत जात होती. ती कशी घडवतात हे त्यांच्या कारागिरांना विचारावं, असं फार थोड्यांना वाटलं.

याहींना तर विचारायला कुणी शिल्लकच राहिलं नव्हतं. १८४९ नंतर सोन्यासाठी लोंढे आले, मागोमाग गुरं आली, कुंपणं आली. मिल क्रीक आणि डिअर क्रीकच्या दऱ्यांत राहणाऱ्या या लोकांच्या १८६० च्या दशकात आणि त्यापुढे कत्तली झाल्या. उरलेले मूठभर लोक डोंगरात शिरले आणि चाळीसेक वर्षं दडून राहिले. लपून राहायचं म्हणजे धूर दिसता कामा नये, पाऊलवाट पडता कामा नये आणि आवाज तर अजिबात होता कामा नये. बंदुकीचा बार दरीभर घुमतो, धनुष्याचा होत नाही. शेजारचं जग काडतुसांवर गेलं असताना याहींच्या हातात धनुष्यबाण टिकला, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. तो रोज वापरात होता. मोडला तर नवा करावा लागत होता. म्हणूनच इशीच्या हातात पुरी कला उतरली.

१९०८ मध्ये विजेच्या प्रकल्पासाठी मोजणी करणारी माणसं त्यांच्या तळावर येऊन धडकली. तिथे पांघरुणात लपवून ठेवलेली एक आजारी म्हातारी होती, ती इशीची आई. बाकीचे पळाले. मोजणीदारांनी जाताना तळावरच्या वस्तू उचलून नेल्या. दडून राहणाऱ्या घरासाठी या चोरीचा अर्थ काय, हे त्यांच्या गावी नव्हतं. आई लवकरच वारली, बाकीचे पुन्हा कधी कुणाला दिसले नाहीत. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी एक उपाशी, एकटा माणूस सापडला. वय पन्नासच्या आसपास. शेरीफनं त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवलं, कारण बघ्यांची झुंबड उडाली होती.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ टी. टी. वॉटरमन शब्दांची यादी घेऊन तिथे पोचले. एकामागून एक शब्द वाचून दाखवत होते, समोरचा चेहरा कोरा. शेवटी पिवळ्या पाइनचा शब्द उच्चारून त्यांनी खाटेच्या लाकडी चौकटीवर टकटक केलं आणि तो चेहरा उजळला. तिथून त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात नेण्यात आलं. स्वतःचं नाव परक्याला सांगायचं नाही हा त्याच्याकडचा रिवाज, म्हणून वॉटरमन यांचे सहकारी मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला इशी म्हणायला सुरुवात केली. खरं नाव कुणालाच कळलं नाही. संग्रहालयात त्याला महिना २५ डॉलरवर मदतनिसाचं काम मिळालं. रविवारी लोक यायचे आणि तो त्यांना अग्नी पाडून दाखवायचा, बाणांची पाती घडवून दाखवायचा.

शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथले शल्यविशारद सॅक्स्टन पोप १९१२ मध्ये इशीला भेटले. डॉक्टर म्हणून आलेला हा माणूस लवकरच विद्यार्थी होऊन बसला. आपल्याकडे आज इशीच्या धनुष्याची जी बारीकसारीक माहिती आहे ती मुख्यतः पोपनं मोजून, लिहून ठेवली म्हणून. १९१८ मध्ये विद्यापीठानं ती छापली.

इशी धनुष्यासाठी डोंगरी जुनिपर झाडाचं लाकूड पसंत करायचा. लांबीचं माप अंगावरच घ्यायचं, कमरेच्या सांध्यापासून पसरलेल्या डाव्या हाताच्या बोटांच्या टोकापर्यंत. म्हणजे धनुष्य चार फुटांच्या आतबाहेर. फांदी अशी फोडायची की सालीखालचं पांढरं लाकूड धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे लक्ष्याकडे तोंड करून येईल. मग खरवडणं. भुजा, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे भाग, सपाट. प्रत्येक भुजा तिच्या मध्यावर सर्वांत रुंद, तिथे जवळजवळ दोन इंच. मुठीशी अरुंद. दोन्ही टोकं तापलेल्या दगडावर धरून हळूहळू मागे वळवलेली.

खरी गंमत पुढे आहे. हरणाच्या पायातल्या लांब कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर, तो चावून चावून मऊ करायचा, तंतू सुटे होईपर्यंत. सॅमन माशाची कातडी उकळून केलेला सरस धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला लावायचा आणि त्यावर हे तंतू उभे, एकापुढे एक चिकटवत जायचे, पार टोकांवरून पलीकडे वळवून. वरून सालीच्या पट्ट्या गुंडाळून बांधून ठेवायचं. वाळल्यावर पट्ट्या सोडायच्या, फुगवटे घासून काढायचे आणि पुन्हा बरेच दिवस मुरू द्यायचं. प्रत्यंचाही कंडरेच्याच बारीक तंतूंची, चावून मऊ केलेली, पीळ दिलेली.

हा खटाटोप कशासाठी? धनुष्य ओढलं की आतली, नेमबाजाकडची बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. लाकूड साधारण एखादा टक्का ताणलं गेलं की तुटायच्या बेताला येतं. धनुष्य जितकं आखूड तितकं तेवढ्याच ओढीला जास्त वाकणार, म्हणजे बाहेरच्या बाजूवर जास्त ताण. जुनिपर दाब छान सोसतं, ताण मात्र तितकासा नाही. कंडरेचं उलट आहे, ती लाकडाच्या कितीतरी पट ताणली जाऊनही परत येते. शिवाय सरस वाळताना आकसते आणि धनुष्याला उलट्या दिशेला ओढून धरते. झुडपांतून सरपटत जायचं तर आखूड धनुष्य हवं, आणि आखूड हवं तर कंडरा हवी. याहींच्या धनुष्याचा आकार त्यांच्या शिकारीतून असा सरळ निघालेला आहे.

दुसरी गोष्ट खरवडण्याची. दोन्ही भुजा सारख्या वाकल्या पाहिजेत, कुठे कोपरा पडता कामा नये. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, पण जाडीचा हिशोब घनाचा आहे. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली की ताठपणा सत्तावीस टक्के जातो. म्हणजे अर्ध्या इंचाच्या भुजेवरून जेमतेम सव्वा मिलिमीटर काढलं की पाव भागाहून जास्त जोर गेला, आणि गेलेलं लाकूड परत लावता येत नाही. म्हणून आजही जाणता कारागीर शेवटच्या टप्प्यावर रांधा बाजूला ठेवतो, चार वेळा खरवडतो, धनुष्य थोडं वाकवून लांबून बघतो, पुन्हा चार वेळा खरवडतो. इशीकडे यासाठी धारदार दगड होता, नंतर सुरीही आली. डोळा मात्र तोच.

तयार धनुष्याचेही नियम होते. ते वापरात नसताना आडवं ठेवायचं. उभं ठेवलं तर ते काम करत राहतं, घामेजतं आणि कमजोर होतं, असं तो सांगायचा. कुणी ते ओलांडायचं नाही. थंड धनुष्य एकदम पुरतं ओढायचं नाही, आधी थोडं थोडं ओढून ऊब आणायची. यातला शेवटचा नियम लाकडी धनुष्यवाले आजही पाळतात, आणि तो शंभर टक्के व्यवहाराचा आहे. धनुष्य चांगलं उतरलंय का हे तो कानानंही बघायचा. एक टोक तोंडाशी धरून प्रत्यंचेवर बाणानं टिचकी मारली की सूर निघायचा, आणि मूड असला तर तो त्यावर गायचाही.

त्याच्या आवडत्या धनुष्याची ओढ, म्हणजे ते पुरतं ओढायला लागणारा जोर, ४५ पौंडांच्या आसपास भरली आणि बाण सुमारे २०० यार्ड गेला. मोठे आकडे नाहीत हे. पण इशी शिकारीला २०० यार्डांवरून बाण सोडतच नव्हता. वाऱ्याची दिशा बघून, दबकत, सावजाच्या अगदी जवळ जाऊन, शक्यतो उकिडवा बसून तो बाण सोडायचा. मे १९१४ मध्ये क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा लहान मुलगा त्याच्याबरोबर डिअर क्रीकला गेले, तेव्हा हे सगळं त्याच्याच भूमीत बघायला मिळालं.

आता शिष्याकडे वळू. पोपला नाद लागला तो कायमचा. पण त्यानं स्वतःसाठी घडवली ती यूची इंग्लिश वळणाची लांब धनुष्यं. इशी अंगठ्यानं प्रत्यंचा धरायचा, पोपनं तीन बोटांची युरोपीय पकड घेतली. विल कॉम्प्टन या दुसऱ्या अनुभवी कारागिराकडूनही तो आणि त्याचा जोडीदार आर्ट यंग बरंच शिकले. पुढे पोपनं संग्रहालयातली जगभरची धनुष्यं ओढून, बाण सोडून तुलना केली आणि १९२३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात इंग्लिश लाँगबो वरचढ ठरलं. मला ही तुलना फारशी न्याय्य वाटत नाही. वर्षानुवर्षं कपाटात कोरडी पडलेली धनुष्यं आणि काल-परवा घडवलेलं ताजं धनुष्य यांची शर्यत लावल्यावर दुसरं काय होणार?

मग इशीकडून पोपनं घेतलं काय? माझ्या मते लाकडापाशी बसायची रीत, आणि सावजाजवळ जायची. धनुष्य विकत न आणता फांदीपासून स्वतः करायचं, हेही. आकार त्यानं सोडला.

त्या आकाराला वीसेक वर्षांत वेगळ्याच दारानं मान मिळाला. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याचा हिशोब मांडला. लाँगबोचा पोटाला, म्हणजे नेमबाजाकडच्या बाजूला, गोल असलेला छेद लाकडावर विषम ताण टाकतो, आयताकृती सपाट भुजा जास्त कार्यक्षम ठरते, असं निघालं. आज जे 'अमेरिकन फ्लॅटबो' म्हणून ओळखलं जातं ते या अभ्यासातून आलं. त्यांनी ते इशीवरून घेतलं असं म्हणणं चूक ठरेल. पण रुंद, सपाट भुजा अमेरिकेतल्या कितीतरी जमातींकडे आधीपासून होत्या. डेन्मार्कच्या होल्मगार्ड दलदलीत १९४० च्या दशकात सापडलेली एल्मची धनुष्यं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत, तीही रुंद आणि सपाटच. अपवाद शोधायचाच तर तो लाँगबोचा आहे.

इशीला हे काही बघायला मिळालं नाही. शहरात त्याला क्षय झाला आणि २५ मार्च १९१६ रोजी तो गेला. त्याच्याबरोबर त्याचं एक धनुष्य, पाच बाण, ओकफळांचं पीठ आणि शिंपल्यांच्या मण्यांचं चलन ठेवून दहन केलं. त्याआधी मात्र शवविच्छेदन झालं. त्याला ते मान्य नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्रोबरनी न्यूयॉर्कहून कडक शब्दांत विरोध कळवला, पत्र उशिरा पोचलं. आणि मग याच क्रोबरनी त्याचा काढून ठेवलेला मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पाठवला. तो तिथे पडून राहिला. २००० साली तो रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर जमातीच्या लोकांच्या हवाली झाला. त्यांनी अस्थी आणि मेंदू एकत्र, जागा जाहीर न करता पुरले. मित्र म्हणवणाऱ्यांच्या हातून हे घडलं, आणि गुरुपरंपरेच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो.

पोप १९२६ मध्ये गेला, यंग १९३५ मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं. १९६९ मध्ये हॉलेस ॲलन यांना पुली लावलेल्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं, आणि लाकूड घडवणारे हात झपाट्यानं कमी झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ओसेज ऑरेंज, यू, हिकरी अशी लाकडं फोडून धनुष्यं करणारी नवी मंडळी पुढे आली. त्यातल्या काहींनी सरस आणि कंडराही हाताळली, मोकळ्या हातानं शिकवलं. आज ज्या कारागिरांना श्रद्धांजली वाहिली जाते ते बहुतेक या पिढीचे.

धनुष्यानं शिकार करणाऱ्यांचा अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला क्लब १९६१ मध्ये निघाला. त्याला पोप आणि यंग यांचं नाव दिलं, इशीचं नाही. इशीनं घडवलेली हत्यारं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यातल्या पात्यांवरून पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅक्ली यांनी १९९० च्या दशकात एक नवीच शंका काढली. ही पाती याहींच्या जुन्या वस्त्यांत सापडणाऱ्या पात्यांपेक्षा शेजारच्या विंटू-नोमलाकी लोकांच्या पात्यांशी जास्त जुळतात. म्हणजे इशीचा निदान एक गुरू त्या लोकांतला असावा.