काजूची भट्टी (गोवा)

काजूच्या बोंडूच्या (बी ज्याला लटकते त्या रसाळ फळाच्या) रसापासून हुर्राक ही हलकी आणि फेणी ही कडक दारू गाळण्याची जागा. काही ठिकाणी ती एकाच कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते आणि हंगामात घरातली माणसे तिथे राबतात. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा, सांगे, काणकोण या तालुक्यांत काजूबागायतीच्या उताराखाली, ओहोळ किंवा विहीर हाताशी असेल अशा ठिकाणी भट्टी मांडतात, कारण वाफ थंड करायला दिवसभर पाणी लागते. काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. माडाच्या सुरेपासूनही फेणी होते, पण तिची रीत वेगळी आणि ती या नोंदीत घेतलेली नाही.

भट्टी पाहायची तर फेब्रुवारीअखेर ते मे, आणि त्यातही मार्चचा मध्य ते एप्रिल. पहिला वळीव पडला की झाडाखालचे बोंडू कुजतात व काम आटोपते. पावसाळ्यात गेलेल्या पाहुण्याला छप्पर, गार चूल आणि उपडी घातलेली भांडी एवढेच दिसते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पोहोचावे: गोळा करणे, तुडवणे आणि गाळणे ही तिन्ही कामे एकाच फेरीत पाहायला मिळतात.

बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपण होऊन पडलेलाच उचलतात. टोकाला खिळा असलेल्या काठीने तो टोचून टोपलीत टाकतात आणि बी पिळून वेगळी काढतात. कच्चा बोंडू गेला तर रस तुरट होतो व गोडी कमी पडल्याने दारूही कमी उतरते. हिरवी बी पाहुण्याने दाताने फोडू नये. टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात.

बोंडू तुडवण्याच्या कातळात कोरलेल्या किंवा सिमेंटच्या उथळ जागेला कोळमी म्हणतात. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग रचून, वेलीने गुंडाळून वर जड दगड ठेवतात, ही नुडी. तिच्यातून ठिबकणारा स्वच्छ, गोड रस म्हणजे निरो. तो ताजाच प्यावा. दुपारपर्यंत त्याला आंबूस झाक येऊ लागते. आता बऱ्याच ठिकाणी पायांऐवजी स्क्रू फिरवून दाबायचा पिंजरा आला आहे. काम लवकर उरकते आणि रसात माती कमी येते, त्यामुळे पायाने तुडवल्यावाचून खरी फेणी नाही, हा आग्रह हौशी वाटतो.

तुडवून निघालेला रस मातीच्या कोडमांत (मोठ्या मडक्यांत) किंवा पिंपांत साधारण तीन दिवस आंबतो. वरून खमीर घालत नाहीत, फळावरचेच पुरते. फेस वर चढतो, मग बसू लागतो. तो बसला की रस भट्टीवर चढवायचा. आधी चढवला तर न आंबलेली साखर तळाला करपते, उशीर केला तर रसाचा व्हिनेगर होऊ लागतो आणि तो आंबटपणा शेवटपर्यंत जात नाही.

गाळायच्या भांड्याला भाण म्हणतात. पूर्वी ते मातीचे असे, आता तांब्याचे. ते काठोकाठ भरत नाहीत, नाहीतर उकळीचा फेस नळीत शिरून गढूळ माल उतरतो. तोंडावर लाकडी झाकण बसवून सांधा ओल्या चिंध्या व वारुळाच्या मातीने लिंपतात. नळी लावणीत, म्हणजे जमा करण्याच्या मडक्यात, उतरते आणि लावणीवर सतत पाणी ओततात; हल्ली पाण्याच्या टाकीत बुडवलेले वेटोळेही असते. सांध्यातून वाफेची बारीक पांढरी रेघ दिसली की माणूस बोलणे अर्धे सोडून मातीचा गोळा तिथे थापतो, कारण ती रेघ म्हणजे हवेत चाललेली दारू. जाळ मंद हवा. घाई केलेल्या भट्टीचा माल जिभेला करपट लागतो.

पहिल्या उकळीत निघतो तो हुर्राक, 15 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलचा. तो आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी. काही भागांत दुसऱ्या उकळीला काजुलो आणि तिसरीला फेणी म्हणत. दारूचा जोर ‘ग्राव’ या अंशांत मोजतात; त्यासाठीचे जुने काचेचे तरंगते मापक शुद्ध पाण्यात 10च्या जवळ उभे राहते. बाटलीबंद फेणी बहुधा 42.8 टक्क्यांची असते.

चव घ्यायची ती याच क्रमाने: निरो, हुर्राक, फेणी. उलट केल्यास फेणीपुढे हुर्राक पाणचट वाटतो. एका वेळी 10-15 मिलिलिटर पुरे. ग्लास नाकाला चिकटवू नये, वाफेने नाक बधिर होते. चार थेंब पाणी घातल्यावर पिकल्या फळाचा वास मोकळा होतो. एक थेंब तळहातावर चोळावा: दारू उडून गेल्यावर फळाचा वास उरला तर माल बोंडूचा. बाटली हलवून फेस पाहण्याची परीक्षा लोकप्रिय आहे, पण तो फेस जोर सांगतो, भेसळ नव्हे. हुर्राकची गावाकडची मांडणी म्हणजे लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का.

स्वतंत्र चवदालन असलेली ठिकाणे किनारी भागात आहेत. कांदोळीला मद्याचे संग्रहालय आहे आणि कासावलीला फेणीचे तळघर, जिथे गराफांव (पोटफुगे मोठे काचेचे बुधले) रांगेने ठेवलेले दिसतात. तेथे बारमाही जाता येते, मात्र धूर आणि कोळमी भेटत नाही. गावच्या भट्टीवर चवीसाठी खोली नसते. बाकावर पेला मिळतो. येत असल्याचे आधी कळवावे, कोळमीत चप्पल घालून शिरू नये आणि परतीला गाडी दुसऱ्याकडे द्यावी.

भट्टीला अबकारी परवाना लागतो. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. गोव्यात मद्यपानाचे कायदेशीर वय 21 आहे.

फेणी काचेतच घ्यावी, प्लास्टिकच्या बाटलीचा वास तिला धरतो. महाराष्ट्रात जाताना बांद्याला तपासणी होते, तेव्हा परवाना आणि बिल जवळ हवे. हुर्राक मात्र बांधून नेऊ नये. तो फार टिकत नाही, फिका पडतो.