काफ्रियाल, खाप्री आणि घाटी

पणजीत नाहीतर म्हापशात कुठल्याही बारमध्ये बसा, मेनूकार्डावर चिकन काफ्रियाल असतंच, कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण वाटलेला हिरवागार मसाला आणि बाजूला बटाट्याचे काप. ऑर्डर देताना कोणाच्या डोक्यातही येत नाही की आपण आत्ता एक शिवी उच्चारली.

मूळ शब्द अरबी, काफिर, म्हणजे आपला धर्म न मानणारा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे अरब व्यापारी तिथल्या मुसलमान नसलेल्या लोकांना असं म्हणायचे, तेच पोर्तुगीजांनी उचललं आणि मग धर्म गेला बाजूला, उरला फक्त रंग. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा, तिथून गुलाम इकडे आणले जायचे ते काफ्री म्हणून, आणि पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी बंद करायचा हुकूम निघाला तो थेट १८६९ मध्ये. पदार्थाचं नाव याच लोकांवरून पडलं. आपल्याकडे त्याचंच खाप्री झालं. खाप्री नावाचा देवही आहे हां, त्याच्यापुढे हात जोडायचे आणि वर्गातल्या काळ्या पोराला तेच नाव घेऊन चिडवायचं, दोन्ही आपणच.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत २०१८ मध्ये याच शब्दासाठी एका गोऱ्या बाईला तुरुंगाची शिक्षा झाली, तिने तो काळ्या पोलिसांवर फेकला होता. आणि श्रीलंकेत पुत्तलमजवळ आफ्रिकन वंशाची छोटी वस्ती आहे, त्या लोकांची ओळखच काफिर. त्यामुळे 'संदर्भ बघा ना' म्हणणारे चूक नाहीत, फक्त ते आपल्या सोयीचा संदर्भ बघतात असं मला वाटतं, म्हणजे 'मी मस्करीत बोललो' एवढाच. २०१३ मध्ये इथे गोव्यात, पर्रा गावात एका नायजेरियनचा खून झाला, त्याच्या लोकांनी पर्वरीला हायवे अडवला, तेव्हा आपल्या एका मंत्र्याने त्यांना कॅन्सरची उपमा दिली आणि नंतर माफी मागितली. कॅन्सर हा शब्द काय शिवी आहे? पण लागायचा तिथे लागलाच.

आम्ही मराठीवाले तरी कुठे सुटलोय. माझा मेव्हणा कोल्हापूरचा, मी त्याला 'ए घाट्या' म्हणूनच हाक मारतो आणि तो 'काय रे मासेखाऊ' म्हणतो. मागच्या चवथीला शेजाऱ्याने हसत हसत त्याला 'घाट्या' म्हटलं, तर पठ्ठ्याने नेवरी तशीच ताटात ठेवली आणि उठून बाहेर बल्कांवात, म्हणजे व्हरांड्यात, जाऊन बसला.