वाऱ्याने नेलं की पाण्याने? पॅडल बोर्डवरून गरवताना

डिसेंबरातली सकाळ, देवबागचं टोक. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि पलीकडे भोगव्याचा डोंगर. पॅडल बोर्डवर, म्हणजे उभ्याने वल्हवायच्या लांब फळीवर, उभा राहून मी खडकाच्या कडेला चोणकासाठी गळ सोडला होता. (रायगडकडे ह्याच माशाला जिताडा म्हणतात.) पाणी तेलासारखं गुळगुळीत. आमिष बदलून मान वर केली, तर खडक शंभरेक मीटर मागे पडलेला. वाऱ्याने सरकलो असेन असं समजून मी गुडघ्यांवर बसलो, म्हणजे वारा अंगाला कमी लागेल. तरी सरकतच होतो. शेजारून होडी नेणारे एक तात्या ओरडले, "वारो नाय रे तो, पाणी घेवन जाता तुका! कडेक ये!"

तात्यांचं ऐकलं म्हणून नदीच्या मुखाबाहेर, समुद्रात गेलो नाही. त्या दिवसापासून वारा आणि ओढ, म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्याचा प्रवाह, ह्या दोन गोष्टी मी कधी एकत्र मोजल्या नाहीत. बोर्डवर उभं असताना दोन्ही सारख्याच भासतात: किनारा सरकतो, बस्स. पण दोघांवरचे उपाय इतके वेगळे आहेत की एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर तो फुकट जातो, कधी जिवावरही बेततो.

वारा वरून ढकलतो. बोर्डवर उभा माणूस म्हणजे शीडच, आणि बोर्डचा पाण्याखालचा भाग जेमतेम काही इंचांचा. त्यामुळे होडीला जाणवणारही नाही असा वारा बोर्डला सहज हलवतो. ओढ मात्र ढकलत नाही. भरती-ओहोटीचं पाणी खाडीतून आत-बाहेर करताना बोर्ड, आमिष, फेस, पालापाचोळा सगळ्यांना एकत्र घेऊन जातं. म्हणूनच ती कळत नाही. वारा अगदी पडलेला असताना ओढ तुम्हाला नेत असेल, तर चेहऱ्यावर मंद झुळूक लागते. ती तुमच्याच वेगाची असते. मी फसलो तो तिथेच.

ओळखायची सगळ्यात चांगली खूण हातातच असते: तंगूस, म्हणजे गळाची दोरी. आमिष तळाला न टेकवता मधल्या पाण्यात सोडा आणि तंगुसाकडे बघा. वारा बोर्डला नेत असेल तर आमिष स्थिर पाण्यात मागे राहतं आणि दोरी ज्या दिशेने वारा येतो त्या दिशेला तिरकी होते. ओढ नेत असेल तर बोर्ड आणि आमिष बरोबरीने जातात, दोरी जवळपास सरळ खाली. एक मात्र सांभाळा. गळाला वजन म्हणून लावलेलं शिसं तळाला टेकलेलं असेल तर दोन्ही वेळा दोरी तिरकीच दिसेल, तेव्हा ती खूण धरू नका. बोर्डशेजारच्या फेसाकडेही बघावं. फेस मागे पडला तर वारा, सोबत चालला तर ओढ. जाळ्याच्या बोयऱ्यामागे (जाळ्याला बांधलेल्या तरंगत्या खुणेमागे) पाण्याची रेघ उठत असेल तर ओढ किती आहे तेही कळतं. आणि बोर्ड खरोखर कुठे चाललाय हे पाहायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात, पुढचा एखादा माड आणि त्यामागचं घर. रेष मोडली की तुम्ही हललात.

आता उपाय. वाऱ्यात बसणं, अगदी पोटावर आडवं होणंसुद्धा, खूप कामाचं; शीड उतरवल्यासारखं होतं. मग वाऱ्याकडे तोंड करून, छोटे छोटे हात मारत किनारा गाठायचा. ओढीत बसून काही होत नाही, कारण तुम्हाला नेणारी हवा नाहीच. साध्या वल्हवणाऱ्याचा बोर्ड ताशी 4-5 किलोमीटरने जातो. अरुंद मुखातली ओढ तेवढी सहज होते, म्हणजे जीव तोडून वल्हवलं तरी जागच्या जागी. तिथे पाण्याशी भांडू नये, तिरकं कापत काठाकडे जावं. काठाशी ओढ बहुतेकदा कमी असते आणि तिथून हळूहळू वर सरकता येतं. तात्यांचं "कडेक ये" म्हणजे हेच.

नांगराच्या बाबतीतही असंच. काहीजण पाण्यातली छत्री बांधतात, कापडी पिशवीसारखी, बोर्डामागून ओढत नेण्याची. वाऱ्यात ती छान काम करते, कारण ती स्थिर पाण्याला धरून राहते. ओढीत मात्र ती बोर्डबरोबरच वाहत जाते. तळाला रुतणारा छोटा नांगर दोन्हीत धरतो, पण जोराच्या ओढीत दोरी बोर्डच्या बगलेला बांधली असेल तर कड पाण्याखाली दाबली जाऊन बोर्ड उलटतो. दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधायची, आणि एका झटक्यात सुटेल अशी.

लीशचा, म्हणजे माणसाला बोर्डशी बांधणाऱ्या पट्ट्याचा, मुद्दा मला सगळ्यात कळकळीने सांगायचा आहे. वाऱ्यात पडलात तर रिकामा बोर्ड पोहणाऱ्यापेक्षा वेगाने पळतो, तेव्हा लीशशिवाय उतरूच नये. पण ओढ असलेल्या खाडीत नांगरलेल्या होड्यांच्या दोऱ्या आणि जाळ्यांचे खांब असतात. बोर्ड दोरीच्या एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला, आणि पाणी दोघांना ओढतंय अशी गत झाली तर घोट्याच्या लीशपर्यंत हात पोचत नाही. म्हणून खाडीत आणि नदीमुखाशी कमरेचा, एका खेचीत सुटणारा पट्टा लावावा. लाइफ जॅकेट दोन्हीकडे अंगावर हवं, बोर्डला बांधलेलं नको. फोन जलरोधक पिशवीत गळ्यात ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आहे.

दोघांची वेळापत्रकंही वेगळी. वारा सूर्यावर चालतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, तो नऊ-दहापर्यंत मरतो, आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा. ओढ चंद्रावर चालते: रोज साधारण 50 मिनिटं उशिरा, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. उधाणाला मुंबईला पाणी 4 मीटरहून जास्त चढतं-उतरतं, मालवणकडे 2 मीटरच्या आसपास, पण अरुंद मुखात तेवढंही पुरतं. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं, तेव्हा ओढ सगळ्यात जोरात.

आणि गरवणाऱ्याला ओढ हवीच असते. पाणी हललं की लहान मासळी वाहत येते आणि चोणक खडकाच्या आडोशाला टपून बसतो. पाणी थांबलं की बहुतेकदा गळाला काही लागत नाही. त्यामुळे ओढ टाळायची नसते, तिची दिशा बघायची असते.

दोन्ही एकमेकांविरुद्ध असले, म्हणजे दुपारची ओहोटी आणि समोरून खारा वारा, तर मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. ते दृश्य बघूनच माणूस मागे फिरतो. खरा धोका दोन्ही एकाच दिशेने असतात तेव्हा. सकाळची ओहोटी आणि पाठीवर मतलई वारा, दोन्ही पश्चिमेला, समुद्राकडे. किनाऱ्याच्या आडोशाने पाणी गुळगुळीत दिसतं, वल्हवणं सोपं वाटतं, आणि परतीच्या वाटेवर दोन्ही समोर उभे राहतात. माझी ती सकाळ अष्टमीची होती.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे कामी येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सहाला भरती आणि दुपारपर्यंत ओहोटी. नेमकी माझ्या गरवण्याच्या वेळेत. हा अंदाज आहे, मिनिटांसाठी भरती-ओहोटीचा तक्ता बघावाच. शिवाय खाडीच्या मुखाशी भरती पूर्ण झाल्यावरही पाणी थोडा वेळ आत जात राहतं.

आता मी द्वादशीची सकाळ धरतो. 12 ची पाऊणपट 9. उजाडताच पाण्यात उतरलं की भरतीचे शेवटचे दोन-अडीच तास मिळतात. मतलई बाहेर ढकलत असतो, पाणी आत नेत असतं, आणि ओढ तासातासाने मंदावत जाते. साडेआठला तंगूस गुंडाळतो, आणि पाणी फिरायच्या आत देवबागच्या वाळूत बोर्ड ओढून घेतो.