स्वस्तातली बोल्ट ॲक्शन रायफल आली कुठून?

मक्याला कणसं धरली की आमच्याकडे, म्हणजे यावल-रावेर-चोपडा पट्ट्यात, डुकरांची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत हल्ली हमखास कोणीतरी मोबाईल पुढे करतं. व्हिडिओत अमेरिकेतला एखादा शेतकरी दीड-दोनशे यार्डावरचं रानडुक्कर एका गोळीत पाडतो, हातात काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची साधी रायफल, किंमत सांगतो चारशे-पाचशे डॉलर. मग एक जण म्हणतो, भो, एवढ्या पैशात तर इथे धड मोबाईल येतो, आपल्याला का नाही मिळत ही? दुसरा म्हणतो, स्वस्त आहे म्हणजे माल हलकाच असणार. पहिल्याचं उत्तर कायद्यात आहे. दुसऱ्याचं जरा लांबचं आहे, कारण आज आपण जिला शिकारी रायफलीचं खानदानी रूप समजतो ती बोल्ट ॲक्शन स्वतःच एके काळी बड्या शिकाऱ्यांच्या नजरेत स्वस्तातली सोय होती.

आधी यंत्र समजून घ्या. दाराची जुनी आडवी कडी असते ना, दांडा उचलायचा, मागे ओढायचा, परत पुढे सरकवून खाली पाडायचा, तसंच हे. मागे ओढलं की रिकामी पुंगळी बाहेर उडते, पुढे ढकललं की मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत जातं, खाली पाडलं की बोल्टचे खुंट खाचेत अडकून नळीचं मागचं तोंड पक्कं बंद. भाग कमी, स्प्रिंगा कमी, धूळ-चिखलाचा त्रास कमी, आणि इतकं साधं आहे म्हणूनच ते स्वस्त करता येतं.

खानदेशात शिकारीचा जो खरा धुमाकूळ झाला तो मात्र या यंत्राच्या आधीचा. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागे वाघूर नदीच्या दरीत शिरला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, ही गोष्ट सगळ्यांना माहितीये. पुढे १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आणि या माणसाला वाघाच्या शिकारीचं इतकं वेड होतं की त्याच्या इथल्या दहा वर्षांच्या शिकारीचा आकडा शेकड्यात मोजतात. हे सगळं ठासणीच्या बंदुकांवर. एक बार काढला की पुन्हा दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा, तोवर वाघ काय वाट बघत बसतो का? म्हणून साहेबाच्या मागे भरलेल्या बंदुका धरून दोन-तीन माणसं उभी असायची, शिवाय हत्ती, हाकारे, सगळा लवाजमा. शिकार महाग होती ती बंदुकीमुळे कमी आणि या लवाजम्यामुळे जास्त, असं मला वाटतं.

तिकडे युरोपात प्रशियाच्या सैन्याने १८४१ मध्ये ड्रायझेची बोल्टवाली बंदूक घेतली होती. १८६६ च्या लढाईत ऑस्ट्रियाचे सैनिक उभे राहून नळीत गज घालत होते आणि प्रशियाचे जमिनीवर पडल्या पडल्या भरत होते, त्यातून जगाला जे कळायचं ते कळलं. मग माउझर बंधूंची १८७१ ची रायफल, आणि शेवटी पॉल माउझरचं १८९८ चं मॉडेल, ज्याच्या बोल्टला पुढे दोन भक्कम खुंट, मागे सुरक्षेला तिसरा, आणि काडतुसाची कड धरून ठेवणारा लांब पंजा. आजच्या बहुतेक शिकारी रायफली कुठे ना कुठे याच ९८ च्या पोटातून निघालेल्या आहेत. सैन्यासाठी लाखांनी बनली म्हणून प्रत्येक नगाचा खर्च उतरला, आणि तो उतरला म्हणून ती शिकाऱ्याच्या हातात आली.

त्या वेळी लंडनच्या नामांकित दुकानांत दुनळी रायफल हाताने घासून-जुळवून बनायची, दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर महिनोन्महिने खपायचा. ती राजे-महाराजे आणि बड्या साहेबांची. त्यांच्या मानाने माउझरच्या सांगाड्यावर बांधलेली बोल्ट रायफल बरीच कमी पैशात यायची. जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल सरकारकडून जी रायफल बक्षीस मिळाली, ती लंडनच्या रिग्बी कंपनीची पॉइंट टू सेव्हन फाइव्ह (हे नळीचं इंचातलं माप), ती माउझर बोल्ट ॲक्शनच. म्हणजे ज्या हत्याराचं आज नाव घेताना लोक कान पकडतात ते दुनळीच्या तुलनेत परवडणारं हत्यार होतं.

हिंदुस्थानात मात्र बाजारापेक्षा कायद्याने जास्त गोष्टी ठरवल्या, आणि आजचं आपलं सगळं त्रांगडं तिथूनच सुरू होतं. सत्तावन्नचा उठाव बघून झाल्यावर इंग्रजांना एकच धास्ती, सैन्याच्या मापाची काडतुसं लोकांच्या हाती लागू नयेत. १८७८ चा हत्यार कायदा आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉइंट फोर फिफ्टी मापावर बंदी आली आणि इंग्लंडच्या बंदूकवाल्यांना फोर सेव्हंटीसारखी नवी मापं काढावी लागली. सैन्याकडे थ्री नॉट थ्री ली-एनफिल्ड होती म्हणून ते मापही सामान्य माणसाला बंद. मग तोड काढली ती अशी की रायफल तीच ली-एनफिल्डची, फक्त नळी आणि चेंबर ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकर काडतुसाचं, आठ मिलिमीटर, म्हणजेच आपली थ्री वन फाइव्ह. बीएसए कंपनी ती हिंदुस्थानसाठी बनवायची, नंतर पश्चिम बंगालच्या इच्छापूर रायफल फॅक्टरीने बनवायला घेतली. आपल्या देशाची स्वस्त बोल्ट ॲक्शन म्हणाल तर हीच.

सातपुड्याच्या पायथ्याला एका जुन्या घरात अशी एक थ्री वन फाइव्ह मी जवळून बघितलीये, परवान्याची, आजोबांपासून चालत आलेली. दस्ता लाकडाचा, जड, मनगटापाशी चीर गेलेली आणि तिथे तांब्याची तार गुंडाळलेली. रिकामीच होती, बोल्ट ओढायला दिला. मागे तर लोण्यासारखा येतो, पण पुढे ढकलताना शेवटच्या इंचभर जागेत जोर लागतो, कारण ली-एनफिल्डमध्ये घोडा बंद करतानाच चढतो, माउझरसारखा उघडताना नाही. खुंटही मागच्या बाजूला, त्यामुळे फार ताकदीच्या काडतुसाला ही रचना तेवढी योग्य नाही, पण आठ मिलिमीटरच्या त्या जुन्या काडतुसाला पुरून उरते. काडतुसांच्या बुडावर केएफ असा ठसा होता, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा माल.

आता अमेरिकेकडे वळू, कारण आजची चारशे डॉलरवाली तिथे घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे माउझर, स्प्रिंगफिल्ड, एनफिल्ड अशा सैन्यातून निघालेल्या रायफलींचा नुसता पूर आला, पोस्टाने मागवा, लाकूड कापून हलकी करा, दुर्बीण बसवा, झाली शिकारीची रायफल. नवीन माल विकणाऱ्या कंपन्यांना या जुन्या मालाशी भिडायचं होतं. रेमिंग्टनने १९४८ मध्ये ७२१ आणि ७२२ काढल्या, त्यांचा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा, सरळ गोल पोलादातून कातलेला, माउझरसारखी ठोकून-तासून घडवायची भानगडच नाही. यातूनच १९६२ ची प्रसिद्ध ७०० आली. सॅव्हेजने १९५८ मध्ये ११० काढली, निकोलस ब्रुअरची डिझाईन, आणि त्यात एक साधा नट होता ज्याने पूर्ण उद्योगाची दिशा बदलली. नळी रिसीव्हरमध्ये किती आत जायची हे अंतर फार नाजूक असतं, आधी कारागीर ते हाताने जुळवायचा, सॅव्हेजने काय केलं तर नळीवर मोठा नट चढवला, गेज घालून अंतर जुळवायचं आणि नट आवळून टाकायचा, विषय संपला. शिवाय बोल्टचं डोकं वेगळं आणि जरासं हलणारं, त्यामुळे दोन्ही खुंट आपोआप सारखे टेकतात. दिसायला ती रायफल नटामुळे ओबडधोबड, पण निशाण्याला भल्याभल्यांना लाजवायची.

याच्या उलट विन्चेस्टरचं झालं. त्यांची मॉडेल ७० म्हणजे १९३६ पासूनची मानाची रायफल, १९६४ मध्ये खर्च कमी करायला त्यांनी माउझरचा तो लांब पंजा काढला, दस्त्यावरची कोरीव नक्षी बंद करून दाबून उठवलेली नक्षी केली आणि गिऱ्हाईक जे भडकलं ते आजतागायत चौसष्टच्या आधीच्या मालाला जास्त भाव देतं. १९६८ च्या कायद्याने पोस्टाने बंदुका मागवणं आणि बाहेरून सैन्याचा जुना माल आणणं दोन्हीला लगाम बसला, त्यामुळे नवीनच पण स्वस्त रायफलीला जागा झाली. रेमिंग्टनची १९६७ ची ७८८ त्याच सुमाराची. नऊ खुंट, तेही मागे, दस्ता अगदी साधा, आणि नेम असा की ती कंपनीच्या महागड्या ७०० लाच मागे टाकते म्हणून १९८३ मध्ये बंद केली असं लोक गमतीने म्हणतात.

पण स्वस्त करण्यालाही हद्द असते. २००१ ची रेमिंग्टन ७१०, दुर्बिणीसकट पॅकेट, नळी रिसीव्हरमध्ये दाबून बसवलेली, बोल्ट सरकतो तो भाग प्लास्टिकचा, बोल्ट ओढताना घासल्यासारखं वाटायचं, लोकांनी नावं ठेवली ती रास्तच होती. त्याच सुमारास सॅव्हेजने ॲक्युट्रिगर आणला, आणि माझ्या मते स्वस्त रायफलीच्या इतिहासात नटाच्या खालोखाल हीच मोठी गोष्ट. तोवर कोर्टकचेरीच्या भीतीने कंपन्या ट्रिगर एवढा जड ठेवायच्या की दाबता दाबता नेम हलायचा. ॲक्युट्रिगर हलका करता येतो, आणि मधली पातळ पट्टी दाबली नाही तर गोळी सुटत नाही. मग २०१० च्या आसपास सॅव्हेजची एज, जी पुढे ॲक्सिस झाली, २०११ च्या शेवटी रुगर अमेरिकन, नंतर मॉसबर्ग पॅट्रिअट, विन्चेस्टर एक्सपीआर, बहुतेकांनी थोड्याफार फरकाने हाच मसाला वापरला. नट, साच्यातला प्लास्टिकचा दस्ता, सुटं मॅगझिन, सुधारलेला ट्रिगर. नळी संगणकावर चालणाऱ्या मशीनवर बनते त्यामुळे ती स्वस्त रायफलीतही चांगलीच निघते, शंभर यार्डावर तीन गोळ्या इंच-सव्वा इंचात बसणं ही आता या किमतीत नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

तर कमी काय आहे? दस्ता. टेकू देऊन मारताना तो वाकतो, नळीला टेकतो आणि गोळी सरकते. मॅगझिनची पकड कचकड्याची असते. बोल्ट नवीन असताना खरखरतो. सोबत फुकट मिळणारी दुर्बीण तर काढूनच टाकावी, तेवढे पैसे चांगल्या दुर्बिणीला लावले तर चारशे डॉलरची रायफल हजाराच्या रायफलीएवढं काम करते. हलकी असल्यामुळे धक्का मात्र खांद्याला चांगला जाणवतो. पण हलका माल म्हणजे हलका नेम हे गणित १९५८ लाच मोडलंय.

हे झालं तिकडचं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा पिकांच्या राखणीसाठी नाव घेतो ते अजूनही ठासणीच्या बंदुकीचं, म्हणजे आउट्रमच्याच जमान्याचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा घातला, १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्ण संपली. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला, म्हणजे नीलगायीला, मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते आणि ती नसताना मारलं तर गुन्हा. बाहेरून विक्रीसाठी बंदुका आणणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यातच बंद झालं, म्हणून रुगर-सॅव्हेज नव्या येणारच नाहीत, आणि आधी आलेल्या जुन्या परदेशी रायफलींचे भाव त्यांच्या लायकीच्या कितीतरी वर गेले. भुसावळजवळ वरणगावला साठच्या दशकापासून काडतुसांचा कारखाना आहे, पण तिथला माल लष्करी मापाचा, तो आपल्या कामाचा नाही. चोपड्यात मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडून येणारे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या येतात, त्याला कोणी हात लावू नये, तो फुटला तर धरणाऱ्याच्याच हातात फुटतो आणि वर तुरुंग.

राहिली आपली थ्री वन फाइव्ह. रायफलीचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळणं अवघड, मिळालाच तर जुनी घेताना नळी उजेडाकडे धरून आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, शाबूत आहेत का बघतात, तोंडाशी गंजाचे खड्डे बघतात, आणि बोल्टचा नंबर सांगाड्याच्या नंबराशी जुळतो का ते बघतात, कारण दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातलेला असेल तर ते नाजूक अंतर बिघडलेलं असू शकतं आणि इथे सॅव्हेजसारखा नट नाहीये आवळायला. बाकी बरेच जण शेवटी झटका मशीन लावतात नाहीतर वावराभोवती जुन्या साड्या बांधतात, आणि ज्याच्याकडे परवान्याची रायफल आहे त्याला आचारसंहिता लागली की बहुतेक वेळा ती ठाण्यात जमा करावी लागते, मग पीक राखायला त्याच्याकडेही साड्याच.