पार्श्वभूमी : बातमीची जागा विकली गेली, त्यानंतर

लोकांचे प्रश्न मांडणे हे पत्रकाराचे काम, हे दरवर्षी ६ जानेवारीला व्यासपीठांवरून सांगितले जाते. १८३२ साली याच तारखेला मराठीतले पहिले वृत्तपत्र निघाले आणि पुढे संपादकांनी लिखाणापायी तुरुंगही भोगला. तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. पैसे घेऊन बातमी छापण्याचा, म्हणजे 'पेड न्यूज'चा, आजचा वाद कळायचा तर २००९ सालाशीच थांबावे लागते.

त्या वर्षी देशात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी पडला आणि ऑक्टोबरमध्ये राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. चारा, पाणी, हातचे गेलेले पीक यांना पानावर जागा हवी होती, नेमकी तेव्हाच ती जागा 'पॅकेज'मध्ये गेली. पैसे मोजणाऱ्या उमेदवाराची प्रचारफेरी आणि 'वाढता पाठिंबा' बातमी म्हणून छापून येई. न मोजणाऱ्याचे नावही दिसत नसे. एका बड्या नेत्याचे गुणगान करणारा लेख तीन प्रतिस्पर्धी दैनिकांत शब्दन् शब्द तोच आला. त्या नेत्याच्या खर्चपत्रकात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींपुढे आकडा होता ५,३७९ रुपये.

तालुक्याचा वार्ताहर यात सर्वांत खाली आणि सर्वांत अडचणीत. मानधन तुटपुंजे, मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या सरपंचाच्या रस्त्यावरचे खड्डे छापायचे, त्याच्याच दारात १५ ऑगस्टच्या शुभेच्छांची जाहिरात मागायला उभे राहायचे. त्याला एकट्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

खरा वादग्रस्त निर्णय पुढच्या वर्षी झाला. वृत्तपत्रांच्या आचरणावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक संस्थेने या प्रकाराच्या चौकशीसाठी दोन सदस्यांची उपसमिती नेमली होती. तिने ७१ पानी अहवाल दिला. कोणत्या दैनिकांवर कोणते आरोप झाले आणि त्यांनी काय उत्तर दिले, हे त्यात नावानिशी होते. जुलै २०१० मध्ये संस्थेने तो बाजूला ठेवून छोटा अहवाल स्वीकारला, त्यातून ही नावे गेली. मूळ अहवाल 'संदर्भासाठी' दप्तरी राहिला. आरोप सिद्ध झालेले नसताना नावे छापली तर बदनामी होईल, असे विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते. पण अहवालात आरोपांसोबत खुलासेही होते, मग वाचकापासून काय लपवायचे होते? मालकांच्या दबावापुढे संस्था नमली, असाच याचा अर्थ निघतो. माहिती अधिकारात दाद मागितल्यावर सप्टेंबर २०११ मध्ये आदेश निघाला, तेव्हा कुठे तो अहवाल संकेतस्थळावर आला.

व्याख्येचा गुंता तर अजून आहे. रोख वा वस्तुरूप मोबदल्यात छापलेली बातमी किंवा विश्लेषण म्हणजे 'पेड न्यूज', असे ठरले. पण रोखीची पावती कोण दाखवणार? २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराला असा खर्च लपवल्याबद्दल ३ वर्षांसाठी अपात्र ठरवले गेले. महाराष्ट्रातल्या त्या नेत्याला २०१४ मध्ये नोटीस निघाली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयात ती कारवाई टिकली नाही. पेड न्यूजला निवडणूक गुन्हा ठरवावे, अशी शिफारस विधी आयोगानेही २०१५ मध्ये केली.

आता निवडणुकीच्या काळात जिल्हा पातळीवरची समिती संशयित मजकूर तपासते आणि जाहिरातीच्या दराने त्याचा खर्च उमेदवाराच्या नावावर धरते. त्या दिवशी चाऱ्याची बातमी का आली नाही, हे विचारण्याचा अधिकार तिला नाही.