ऑटिस्टिक लोकांना माणसंच नको असतात?

वर्षानुवर्षं फॉरवर्ड येतो की ऑटिस्टिक (स्वमग्नता असलेल्या) लोकांना माणसं आवडत नाहीत, म्हणून ते कार्यक्रमातून लवकर उठून जातात. तसं नाहीये. मैत्री बऱ्याच जणांना मनापासून हवी असते, पण लग्नाच्या कार्यालयातला बँड, लाइट, अत्तराचा वास सगळं एकदम अंगावर येतं, त्यात डोळ्यांत किती वेळ बघायचं, हसायचं कधी, आपण बोलायचं कधी, हे इतरांना आपोआप जमतं ते त्यांना दर मिनिटाला डोक्यात ठरवावं लागतं, वर वेगळं दिसू नये म्हणून हातांची हालचालसुद्धा दाबून धरायची. असं स्वतःला लपवून इतरांसारखं वागण्याला मास्किंग म्हणतात, फार दमवतं हो ते, काहींना दुसरा अख्खा दिवस पडून काढावा लागतो. पडताळायचंय? लवकर उठून गेलेल्या त्याच माणसाशी शांत जागी, दोघंच असताना, त्याच्या आवडीच्या विषयावर बोलून बघा, आणि कशाने दमायला होतं ते सरळ त्यालाच विचारा.