पोकेमॉन लेट्स गो : समीक्षकांचा प्रतिसाद आणि नाशिकचे खेळाडू

'पोकेमॉन लेट्स गो पिकाचू' आणि 'पोकेमॉन लेट्स गो ईव्ही' ही निन्टेंडो स्विच या कन्सोलसाठी 16 नोव्हेंबर 2018 रोजी आलेली भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमची जोडी. विकसन गेम फ्रीक या जपानी कंपनीचे, दिग्दर्शन जुनिची मासुदा यांचे. 1998 साली जपानमध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर आलेल्या 'पोकेमॉन यलो'ची ही 20 वर्षांनंतरची नवी मांडणी आहे. काल्पनिक प्रदेश तोच कांटो, पोकेमॉन (म्हणजे पकडून लढवायचे काल्पनिक प्राणी) तेच मूळचे 151. भर पडली ती मेल्टन आणि मेलमेटल या दोन नव्या जातींची आणि जुन्या काही जातींच्या अलोला प्रदेशातल्या रूपांची. पकडण्याची पद्धत मात्र 2016 च्या 'पोकेमॉन गो' या मोबाइल गेमवरून घेतली. ही जोडी मुख्य मालिकेत मोजायची की स्पिन-ऑफ, म्हणजे बाजूची शाखा मानायची, हा वाद घोषणेच्या दिवसापासून चालू आहे. 2018 च्या मे महिन्यात तिची घोषणा करतानाच कंपनीने 2019 च्या उत्तरार्धात आणखी एक, पूर्णपणे नवा गेम येईल असे सांगितले होते. 'खरा' पोकेमॉन तो पुढचा आणि हा मधला, असा समज तिथूनच रुजला आणि समीक्षणांवरही त्याची छाया राहिली.

समीक्षकांनी काय म्हटले

मेटाक्रिटिक या संकलन-स्थळावर दोन्ही आवृत्त्यांची सरासरी 100 पैकी 80 च्या आसपास स्थिरावली. 'हार्टगोल्ड' या आधीच्या एका पुनर्निर्मितीला तिथेच 87 मिळाले होते. म्हणजे प्रतिसाद चांगला, पण हात राखून दिलेला.

कौतुकाचे मुद्दे बहुतेक समीक्षणांत सारखे होते. जुन्या गेममध्ये गवतात पाऊल टाकले की पडदा लखलखायचा आणि काय समोर येईल ते नशिबावर असायचे. इथे पोकेमॉन उघड्यावर हिंडताना दिसतात, हवा त्याच्याकडे जायचे, नको त्याला वळसा घालायचा. पिकाचू खांद्यावर आणि ईव्ही डोक्यावर बसते, तिला कुरवाळता येते, टोपी-चष्मा घालता येतो. बाकीच्यांपैकी एखादा मागून चालतो, आकाराने मोठा असेल तर त्याच्यावर स्वारही करता येते. जुन्या पिंपिंग सुरांचे वाद्यवृंदातले रूपही समीक्षकांना आवडले. झाड कापणे, पाण्यावरून जाणे यांसाठी पूर्वी एखाद्या पोकेमॉनच्या चार चालींपैकी एक जागा अडवावी लागे. ती कटकट गेली, कारण ही कामे आता सोबतीचा पोकेमॉनच शिकतो.

खरा खल झाला तो पकडण्यावर. रानातल्या पोकेमॉनशी लढून त्याला अर्धमेला करायचा आणि मग त्याला कोंडणारा बॉल टाकायचा, हा मालिकेचा कणा होता. 'लेट्स गो'ने काही मोजके अपवाद सोडून तोच काढला. विरिडियनच्या जंगलात कॅटरपी समोर आला की त्याच्याभोवती एक वर्तुळ दिसते आणि आत दुसरे रंगीत वर्तुळ आक्रसत जाते. ते जितके लहान असताना बॉल नेमका आत पडेल तितकी पकड पक्की. टीव्हीला जोडून खेळताना हा बॉल हातातला जॉय-कॉन (स्विचचा सुटा होणारा छोटा कंट्रोलर) हलवून फेकावा लागतो आणि कित्येकदा सरळ फेकलेला बॉल पडद्यावर भलत्याच बाजूला वळतो. वेगळा मिळणारा मोठा प्रो कंट्रोलर चालत नाही. त्यामुळे बटणांवर खेळू इच्छिणाऱ्याला कन्सोल टीव्हीपासून काढून हातात धरण्यावाचून गत्यंतर नाही. या एका सक्तीवर जितकी टीका झाली तितकी दुसऱ्या कशावरच झाली नसेल, आणि ती रास्त होती. पर्याय देणे अवघड नव्हते.

दुसरी तक्रार सोपेपणाची. पोकेमॉन पकडला तरी संपूर्ण चमूला अनुभवाचे गुण मिळतात आणि ते बंद करण्याची सोय नाही. एकाच जातीचे पोकेमॉन सलग पकडत गेले की मिळणाऱ्या, ताकद वाढवणाऱ्या कँडीने चमू फुगत जातो. जोडीला दुसरा खेळाडू जॉय-कॉन हलवून केव्हाही खेळात उतरू शकतो आणि मग जिममध्येही (गावोगावच्या प्रमुख प्रशिक्षकांच्या आखाड्यांतही) दोघे विरुद्ध एक असा सामना होतो. पोकेमॉनच्या अंगभूत क्षमता, त्यांच्या हातात देण्याच्या वस्तू, अंडी उबवणे, हे सगळे नंतरच्या पिढ्यांत आलेले थर इथे नाहीत. जुन्या खेळाडूंनी त्याला पाणी घातलेला पोकेमॉन म्हटले. समीक्षकांपैकी अनेकांनी मात्र नवख्यांसाठी आणि लहान मुलांसाठी उत्तम प्रवेशद्वार अशी बाजू मांडली. चार सर्वोत्तम प्रशिक्षकांना हरवल्यानंतर प्रत्येक जातीसाठी एकेक मास्टर ट्रेनर भेटतो. कठीणपणा शोधणाऱ्यांसाठी ठेवलेली ती तरतूद, पण तिथवर पोहोचण्याआधीच बहुतेक समीक्षणे लिहून झाली असावीत असे वाटावे इतका तिचा उल्लेख कमी आढळतो.

विक्रीवर या मतभेदाचा परिणाम झाला नाही. पहिल्या आठवड्यात जगभर 30 लाख प्रती गेल्या, 2018 संपेपर्यंत आकडा 1 कोटीवर पोहोचला आणि पुढे दीड कोटीच्या वर गेला.

कोणाचे स्मरणरंजन?

या गेमच्या समीक्षेत स्मरणरंजन हा मुद्दा टाळताच येत नाही. ज्यांनी दहाव्या वर्षी गेम बॉयच्या करड्या-हिरव्या पडद्यावर पॅलेट टाउन हे गेमच्या सुरुवातीचे गाव सोडले, ते आता तिशीत येऊन परीक्षण लिहीत होते. त्यांच्या दृष्टीने प्रश्न असा होता, की तीच वाट पुन्हा चालताना काही नवे सापडते का. लव्हेंडर टाउनचा मनोरा, सॅफ्रनची अडवलेली दारे, टीम रॉकेट या खलनायकी टोळीचे तळघर सगळे जागच्या जागी आहे. काहींना हा विश्वासूपणा सुखावणारा वाटला, काहींना आळशी. फुशियाची सफारी झोन गेली आणि तिच्या जागी फोनमधले पोकेमॉन आणून सोडण्याचे गो पार्क आले, एवढ्या बदलावरही रुसवेफुगवे झाले.

नाशिकमध्ये, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत, हा हिशेब जुळत नाही. इथे गेम बॉय फार थोड्या घरांत होता. 2000 च्या सुमाराला मुलांच्या हाती असायचा तो कॅसेट घालून टीव्हीला जोडायचा गेम, आणि त्यात मारिओ नाहीतर कॉन्ट्रा. पोकेमॉन आला तो 2003 साली कार्टून नेटवर्कवरून, हिंदी बोलत. सिडकोतल्या, पंचवटीतल्या, नाशिकरोडच्या मुलांची कांटोशी ओळख त्या कार्टून मालिकेतल्या ॲश, मिस्टी आणि ब्रॉक यांच्यामुळे झाली. चिप्सच्या पाकिटातून निघणारे टॅझो, म्हणजे चित्रांच्या चकत्या, मधल्या सुट्टीत अदलाबदलीला यायचे आणि एका चकचकीत टॅझोसाठी चार साधे द्यायलाही मुले तयार असत. गेमशी गाठ पडली ती नंतर, सायबर कॅफेच्या संगणकावर कुणीतरी पेन ड्राइव्हवरून टाकलेल्या एम्युलेटरवर, म्हणजे कन्सोलचे गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर. तो 2004 चा 'फायररेड' असायचा, म्हणजे मूळ गेमची पुनर्निर्मितीच, आणि तीही चोरीची प्रत. पुढे तोच अँड्रॉइड फोनवर आला आणि कॉलेजच्या शेवटच्या बाकावर खेळला जाऊ लागला.

म्हणून इथल्या खेळाडूसाठी 'लेट्स गो' हा बालपणी खेळलेल्या गेमकडे परतणे नाही. बालपणी पाहिलेली मालिका पहिल्यांदा नीट हातात येणे आहे. 'यलो' मुळात त्या मालिकेच्या यशानंतर तिच्याच धर्तीवर बनवलेला गेम होता. पिकाचू बॉलमध्ये शिरायला नकार देतो, टीम रॉकेटचे जेसी आणि जेम्स वाटेत आडवे येतात, बुल्बासॉर, चारमँडर आणि स्क्वर्टल तिघेही ॲशप्रमाणे मिळतात. 'लेट्स गो'ने हे सारे ठेवले. परदेशी समीक्षणांत ज्याला निव्वळ गोंडसपणा म्हटले गेले ते खांद्यावरचे पिकाचू नाशिकच्या प्रेक्षकासाठी मालिकेचे शीर्षकचित्र आहे. गेम बॉयच्या आठवणीवर मोजलेले 80 गुण टीव्हीच्या आठवणीला लागू पडत नाहीत, आणि या गेमबद्दल मराठीत लिहायचे झाले तर सुरुवात इथूनच करायला हवी.

याची उलट बाजूही आहे. प्यूटरच्या जिमच्या दाराशी एक माणूस उभा असतो आणि गवत किंवा पाणी प्रकारचा पोकेमॉन दाखवल्याशिवाय आत सोडत नाही. मालिकेत ॲश या जिमचा प्रमुख ब्रॉक याच्यासमोर पिकाचूच्या भरवशावर उभा राहिला होता आणि आगप्रतिबंधक फवारे सुरू होऊन ब्रॉकचा ऑनिक्स हा पोकेमॉन भिजल्यावर पारडे फिरले होते. तो प्रसंग पाहून वाढलेल्याला ही अट खुपते. नवख्या खेळाडूने हरू नये म्हणून घातलेली ही काळजी अडचणीतून जिंकण्याची संधीच काढून घेते. सोपेपणाच्या टीकेत समीक्षकांचे आणि इथल्या खेळाडूंचे अशा ठिकाणी एकमत होते.

गेम हाती येण्याचा मार्ग

निन्टेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणला नव्हता. भारतासाठी स्वतंत्र ई-शॉपही (निन्टेंडोचे ऑनलाइन दुकान) नव्हते, दुसऱ्या देशाचे खाते उघडून काम भागवावे लागे. अमेरिकेत गेमची किंमत 59.99 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने 4,300 रुपयांच्या आसपास. आयात केलेल्या कन्सोलचा खर्च वेगळा, आणि वॉरंटीचा भरवसा नाही. नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडला चौकशी करणे किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगून ठेवणे, हे नेहमीचे मार्ग. शहरातल्या गेमिंग कॅफेंत राज्य प्लेस्टेशन आणि पीसीचे, त्यामुळे तासावर पैसे देऊन स्विच खेळून पाहण्याची सोय सहसा नसे. इतकी खटपट करून घेतलेल्या गेमबद्दल माणूस सहज वाईट बोलत नाही. प्रतिसाद तोलताना ही गोष्टही लक्षात ठेवावी लागते.

'पोकेमॉन गो'ची गोष्ट निराळी. तो डिसेंबर 2016 मध्ये रिलायन्स जिओच्या साहाय्याने भारतात रीतसर सुरू झाला आणि जिओची दुकाने त्यात थांबे (जिथे गेले की गेममधल्या वस्तू मिळतात) व जिम म्हणून आली. त्याआधी सप्टेंबरमध्ये देवळांच्या जागी गेममधली अंडी मिळतात या आक्षेपावरून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. देवळे आणि पुतळे हेच थांबे, तेव्हा गोदाकाठच्या शहरात चालायला वाव भरपूर. ज्यांनी फोनवर कांटोचे पोकेमॉन जमवले होते त्यांना ते 'लेट्स गो'त नेता येतात. नेले की परतीचा मार्ग मात्र नाही. मेल्टन तर फोनवरच्या गेमशिवाय मिळतच नाही, आणि या सक्तीच्या जोडणीवर परदेशी समीक्षकही नाराज होते.

मराठीतली समीक्षा

गेम नऊ भाषांत खेळता येतो. त्यांत चिनीची दोन रूपे आहेत, पण एकही भारतीय भाषा नाही. 'पोकेमॉन गो'त हिंदी आली ती 2023 मध्ये. मराठी वृत्तपत्रांत चित्रपट आणि नाटकांची परीक्षणे दर आठवड्याला येतात, गेमला क्वचितच जागा मिळते आणि मिळाली तरी बातमी म्हणून. 1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या, नाटकाच्या प्रयोगावर चहा गार होईपर्यंत वाद घालणाऱ्या नाशिकमध्ये 'लेट्स गो'वरची चर्चा मित्रांच्या ग्रुपवर आणि हिंदी यूट्यूब वाहिन्यांखालीच राहिली. ही उणीव खरी आहे. इंग्रजी समीक्षेचा आधार घेतला की तिची आठवणही उसनी घ्यावी लागते.

पुढील परिणाम

नोव्हेंबर 2019 मध्ये आलेल्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये रानातले पोकेमॉन उघड्यावर दिसण्याची पद्धत टिकली आणि नंतर ती मालिकेची नेहमीची रीत झाली. रानातली लढाई परत आली. हात हलवून बॉल फेकण्याची सक्ती गेली. 2022 च्या 'लेजेंड्स आर्सेउस'मध्ये न लढता नेम धरून पकडणे पुन्हा दिसते, पण तिथे हवे तर आपला पोकेमॉन पुढे करून लढताही येते आणि सगळे बटणांवर चालते. 2018 च्या समीक्षकांनी हेच मागितले होते.